घरातील प्रत्येकासाठी एक पुस्तक

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती पाहून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. इतर यात्रा-जत्रांहून लोक प्रसाद, गंडेदोरे आणि खेळणी घेऊन परततात. आपला माणूस शिदोरीच्या पिशवीत पुस्तक घालून परततो. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, तो समाज भाकरीच्या पैशांतून ग्रंथ विकत घेतो, ही साधी गोष्ट नाही.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, ते पुस्तक घरी आल्यावर त्याचे पुढे काय होते? पुष्कळ घरांत ते तसबिरीशेजारी उभे राहते. त्याला फूल वाहिले जाते, त्याचे पान मात्र उलटले जात नाही. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. कामाच्या पाळ्या, लोकलची गर्दी, पाण्याची वेळ, मुलांचे डबे आणि आता हातातला मोबाईल, यांतून वेळ उरतो किती? त्यात माणूस पहिल्यांदाच हजार पानांचा खंड हातात घेतो, पाचव्या पानावर त्याला झोप लागते आणि 'वाचन हे आपले काम नाही' असे तो ठरवून टाकतो. वास्तविक दोष त्याचा नसतो आणि त्या ग्रंथाचाही नसतो. वाचनाची सवय धाकाने लागत नाही, ती गोडीने लागते. एकदा गोडी लागली की अवघड ग्रंथाचे पानही आपोआप उलटले जाते.

मी पेशाने कारकून. आमच्या वस्तीतील विहारात पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे, त्याची चावी आणि देवघेवीची वही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. वही चाळली तर स्पर्धा परीक्षांच्या गाईडांची नावे सर्वांत जास्त दिसतात. ती हवीतच, पोटाचा प्रश्न आहे. पण रविवारी कपाटासमोर उभे राहून एखादी ताई किंवा रात्रपाळी करून आलेला एखादा भाऊ विचारतो, "दादा, वाचवेल असे काहीतरी चांगले पुस्तक द्या." तेव्हा मी जी पुस्तके काढून देतो आणि जी परत येताना कव्हर फाटून पण वाचून येतात, त्यांचीच ही यादी आहे. घरातील माणसागणिक मांडली आहे, म्हणजे कोणाच्या हातात काय द्यावे हे सोपे जाईल.

आईसाठी

सुरुवात आईपासून करतो. कारण घरात सर्वांत शेवटी जेवते ती, आणि पुस्तक सर्वांत शेवटी हातात येते तेही तिच्याच.

तिला पहिले पुस्तक द्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. फलटणच्या बेबीताईंचे छोटेसे किराणा दुकान होते. माल बांधायला जी रद्दी येई, त्या वर्तमानपत्रांच्या कागदांतून त्या वाचत. पुढे वाचनालयाची पुस्तके वाचू लागल्या. आणि मग लिहू लागल्या, पण घरच्यांना कळू न देता. लिहिलेले कागद कोणाच्या हाती लागू नयेत अशा जागी त्या लपवून ठेवत. सुमारे वीस वर्षे हे लेखन असे दडून राहिले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषीच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले, 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. बेबीताई २०१२ साली गेल्या, त्यापूर्वी २००८ साली त्यांचे पुस्तक माया पंडित यांच्या अनुवादाने इंग्रजीतही पोहोचले होते.

या पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे, आषाढातील सारवण आहे, पोतराजाला सोडलेली पोरे आहेत, अंगात येणाऱ्या बाया आहेत. जेजुरीला बाबासाहेबांचे भाषण झाले आणि वस्त्यांत काय उलथापालथ झाली, तेही आहे. पण मला या पुस्तकाचे मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटते. गावाने आपल्यावर केलेला जुलूम अनेकांनी लिहिला. आपल्याच घरात, चुलीपाशी, कोवळ्या सुनेवर काय जुलूम होत होता, तो बेबीताईंनी तितक्याच स्वच्छपणे लिहिला. जातीचा अन्याय सांगताना घरातला अन्याय झाकून ठेवला नाही. ही हिंमत सोपी नव्हे. आमच्या वस्तीतील एका भगिनीने हे पुस्तक पहाटे नळाला पाणी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात, रोज थोडे थोडे करून वाचले. परत करताना एवढेच म्हणाली, "दादा, ह्यात माझ्या सासूचीपण गोष्ट आहे आणि माझीपण." याहून मोठे परीक्षण कोणता टीकाकार लिहिणार?

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. कोणी म्हणेल, ही तर कोकणस्थ ब्राह्मण घरातील बाई. बरोबर आहे. पण सोवळ्याने पछाडलेल्या, बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घेणाऱ्या बापाच्या घरातली ही मुलगी. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि हिचा संसार मोडला. काही वर्षे दूर राहून, जातिभेद माणसाने केलेला आहे असे स्वतःच्या विचाराने पटवून घेऊन ती त्याच्याकडे परत गेली आणि पुढे तिने स्वतःही धर्म बदलला. धर्मांतर म्हणजे घरात काय होते, नातेवाईक कसे तुटतात, मनातला विटाळ कसा एकेक पाकळीने गळतो, हे १९५६ नंतरच्या आपल्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. आणि विशेष म्हणजे इतके दुःख असूनही हे पुस्तक वाचताना माणूस खळखळून हसतो. मोठमोठ्या पंडितांना न साधलेली साधी मराठी या बाईच्या हातात होती.

आजीसाठी, मोठ्याने वाचून

आजीला वाचता येत नसेल, पण ऐकता येते. तिच्यासाठी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आणा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकासाठी या दोघी आंबेडकरी चळवळीतील बायकांना शोधत गावोगाव, वस्तीवस्तीत फिरल्या, त्यांच्यापाशी बसल्या आणि त्यांचे बोलणे उतरवून घेतले. तोपर्यंत चळवळीचा इतिहास म्हणजे बहुतेक पुरुषांच्या नावांची यादी होती. या पुस्तकाने दाखवले की १९२७ च्या महाड सत्याग्रहात बायका होत्या, आणि १९४२ साली नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली तेव्हा हजारोंनी बायका आल्या होत्या.

यातील जाईबाई चौधरींची हकिगत अवश्य वाचून दाखवा. डोक्यावर ओझी वाहणारी, हमाली करणारी ही बाई शिकली, शिक्षिका झाली. ती अस्पृश्य आहे असे कळताच लोकांनी आपल्या मुली शाळेतून काढून घेतल्या. तेव्हा तिने आपल्या मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःच शाळा काढली. एका वेळी एकच व्यक्तिचित्र वाचा, दहा-पंधरा मिनिटे पुरतात. वाचून झाले की थांबा. आजी बोलू लागेल. "आमच्या गावात पण एक होती..." अशी तिची सुरुवात होईल. ते बोलणे वहीत उतरवून घ्या. आपल्या वस्त्यांतून असे किती इतिहास दरवर्षी स्मशानात जातात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पाळीवरून आलेल्या वडिलांसाठी

दिवसभर यंत्रापाशी किंवा रस्त्यावर राबून आलेल्या माणसाला गोष्ट हवी असते, धावणारी, ओढून नेणारी. त्याला अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' द्या. १९५९ सालची ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. वाटेगावचा मांग तरुण फकिरा, गावाच्या मानासाठी जोगणी आणताना जीव गमावणारा त्याचा बाप राणोजी, दुष्काळात उपाशी मरणारी माणसे आणि त्यांच्यासाठी लूट करणारा फकिरा. एकदा पुस्तक उघडले की जेवणाचे ताट थंड होते. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, पण ते नसते तरी काही बिघडले नसते. या कादंबरीला वाचकांनीच मोठे केले आहे.

फकिरा वाचून झाली की त्याच अण्णाभाऊंचे 'माझा रशियाचा प्रवास' हे छोटे प्रवासवर्णन वाचा. दीड दिवस शाळेत गेलेला आणि बापाबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी चालत आलेला हा मुलगा. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिणारा हा माणूस १९६१ साली मॉस्कोला गेला. तिथे पोहोचण्याआधी त्याची कीर्ती पोहोचली होती, 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' त्याने १९४३ सालीच लिहिला होता. प्रवासवर्णने बहुधा हॉटेल आणि हवामान सांगतात. अण्णाभाऊंची नजर मात्र कामगारावर, रस्ता झाडणाऱ्यावर, माणसाच्या चेहऱ्यावर जाते. ज्या सोव्हिएत देशाचे त्यांना अप्रूप होते, तो १९९१ साली नकाशावरून गेला. पण उपाशी माणसाने पाहिलेले समतेचे स्वप्न काय असते, ते समजण्यासाठी पुस्तक आजही ताजे आहे.

आणि ज्यांना कविता म्हणजे शाळेतली घोकंपट्टी वाटते, त्यांनी नारायण सुर्वे यांचा १९६६ सालचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह उघडावा. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने आपले नाव दिले. तो गिरणीत राबला, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि पुढे शिक्षक झाला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. त्यांच्या कवितेत चाळ आहे, संप आहे, नाक्यावरची माणसे आहेत. एखादी कविता रात्री जेवण झाल्यावर मोठ्याने म्हणा, मग कळेल की कविता समजायला पदवी लागत नाही.

दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी

परीक्षेत नापास झालेला, फीसाठी अडलेला किंवा वर्गात जातीवरून टोमणा खाल्लेला मुलगा घरात गप्प बसला असेल, तर त्याला भाषण देऊ नका. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' द्या. १९८१ साली आलेल्या या चरित्राच्या आवृत्तीवर आवृत्ती निघत गेल्या, त्याला कारण आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतील मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मलेला निग्रो मुलगा. तान्हा असताना गुलाम पळवणाऱ्या टोळीने त्याला आईसकट उचलून नेले. आई परत मिळाली नाही. मुलाला मालकाने एक घोडा मोबदल्यात देऊन सोडवून आणले. वयात आल्यावर एका कॉलेजने त्याला प्रवेश दिला आणि तो प्रत्यक्ष दारात उभा राहताच, कातडीचा रंग पाहून नाकारला. तो रडत बसला नाही. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून त्याने फीचे पैसे उभे केले, दुसऱ्या कॉलेजात शिकला आणि शेतीशास्त्रज्ञ झाला. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तो अलाबामातील टस्कीगी येथे काळ्या मुलांच्या संस्थेत गेला. तिथे प्रयोगशाळाच नव्हती. मुलांना घेऊन त्याने कचऱ्यातून बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यांची प्रयोगशाळा केली. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी लावा, असे तो गरीब शेतकऱ्यांना सांगत फिरला. लोक येईनात, तेव्हा शाळाच गाडीवर घालून त्यांच्या दारी नेली.

हे पुस्तक वाचलेला मुलगा 'माझ्याकडे साधने नाहीत' हे वाक्य जरा जपून उच्चारतो. पण त्याबरोबर मोठ्यांनाही सांगतो, या पुस्तकाचा अर्थ 'जिद्द असली की अन्याय चालतो' असा लावू नका. कार्व्हरला नाकारणारे दार चूकच होते. ते दार मोडण्याची लढाई त्यांच्या लोकांनी नंतर लढली आणि तिच्यातील ब्लॅक पँथरच्या नावावरूनच १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली.

विज्ञानाची आवड असणाऱ्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर यांचा १९७९ सालचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह द्या. नारळीकरांनी आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून अक्षरदेखील पत्नीचे वापरले होते. कथेला बक्षीस मिळाले ते कथेच्या गुणावर. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. भूतबाधा, राशिभविष्य यांच्या जाळ्यात मूल अडकू नये असे वाटत असेल, तर त्याला नुसते 'हे थोतांड आहे' असे सांगून भागत नाही. आकाश किती मोठे आहे याचे नवल त्याच्या मनात आधी जागे करावे लागते.

लहानग्यांसाठी

जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ साली जपानीत आले आणि पुढे मराठीतही आले. तोत्तोचान ही पहिलीतली चळवळी मुलगी. सारखे डेस्कचे झाकण उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. बाई कंटाळतात आणि तिला शाळेतून काढून टाकतात. मग आई तिला दुसऱ्या शाळेत नेते. त्या शाळेचे वर्ग म्हणजे आगगाडीचे जुने डबे! तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे सलग चार तास ऐकून घेतात. पोलिओ झालेल्या वर्गमित्राला ही छोटी मुलगी झाडावर चढवते, तो प्रसंग वाचताना मोठ्यांचेही डोळे भरतात. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली.

हे पुस्तक मुलांना वाचून दाखवा, पण खरे तर ते आई-बापांसाठी आहे. आपण मुलाला 'गप्प बस' किती वेळा म्हणतो आणि त्याचे बोलणे किती वेळ ऐकतो, याचा ताळा त्यातून निघतो. मूल जरा मोठे झाले की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. तो एकदा भेटला की मूल स्वतःच पुढचा भाग मागते.

सर्वांनी हसण्यासाठी

चळवळीच्या घरात हसण्याची पुस्तके कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतात. माझे उत्तर असे की, हसणारा माणूस जास्त दिवस लढतो. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना घरात घ्या. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला चिमणराव आजी-आजोबांना आठवत असेल. चिमणराव हा कारकून. तुटपुंजा पगार, घरात पोरेबाळे आणि हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट फसणे, हे त्याचे आयुष्य. आम्हा कारकुनांना त्यात आरसाच दिसतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. हे विनोदी लेखक चिं. वि. जोशी पाली भाषेचे पंडित होते. बडोद्याला त्यांनी पाली शिकवली, जातककथा मराठीत आणल्या आणि बुद्धाविषयी पुस्तके लिहिली. त्यांना पालीची गोडी लावणारे गुरू म्हणजे धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचे आत्मचरित्र 'निवेदन' हे तर कोणत्याही साहसकथेच्या तोडीचे आहे. गोव्यातील साखवाळ गावात १८७६ साली जन्मलेला, नारळाची बागायत सांभाळणारा हा तरुण. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक छोटासा लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याला ध्यास लागला. १८९९ साली त्याने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया करीत, अर्धपोटी, कधी पायी, तो सिंहलद्वीपाला पोहोचला. तिथे पाली शिकला, भिक्षू झाला, ब्रह्मदेशात राहिला आणि पुढे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी गेला. महाराष्ट्रात राहून धम्माचे ज्ञान लोकांना देता यावे म्हणून त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना पन्नास रुपयांवर भागवले. एका छोट्या लेखाने एवढे घडते! म्हणून मुलांच्या हातात काय पडते याला महत्त्व आहे.

अशीच किमया आणखी एका पुस्तकाची. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. शाळकरी भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल वस्तीत सत्कार झाला, तेव्हा गुरुजींनी ते पुस्तक त्याला भेट दिले. बागेत बसून वाचणाऱ्या या मुलाला त्यांनी आधीच हेरले होते. ते पुस्तक वाचून आपल्या मनात काय झाले, हे बाबासाहेबांनी पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे. वाढदिवसाला केक जरूर कापा, पण एक पुस्तकही द्या. कोणत्या मुलाच्या मनात कोणते बी पडेल, ते आज सांगता येत नाही.

बाबासाहेबांचे कोणते पुस्तक प्रथम?

हा प्रश्न नवे वाचक हमखास विचारतात. माझे सांगणे असे की 'जातिप्रथेचे विध्वंसन' घ्या. ते मुळात भाषण आहे, त्यामुळे समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर त्यांना पेलवला नाही, तेव्हा अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी एक शब्दही न बदलता भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. जे भाषण कधी झालेच नाही, ते आजवर लाखोंनी वाचले. मराठीत त्याची एकाहून अधिक भाषांतरे आहेत. रोज चार पाने वाचा, घरात त्यावर वाद होऊ द्या. बाबासाहेबांना वाद घालणारा वाचक नक्कीच चालला असता.

ही पुस्तके आपली आहेत का?

वर मी दिलेल्या नावांत आपल्या चळवळीतील लेखक आहेत, तसे ब्राह्मण घरातील लेखक आहेत, जपानी बाई आहे, अमेरिकेतील निग्रो शास्त्रज्ञ आहे. काही बांधव म्हणतील, आधी आपले साहित्य वाचू, मग इतरांचे. भावना समजते. आपल्या लेखकाला आपण वाचले नाही तर कोण वाचणार? म्हणूनच बेबीताई यादीत पहिल्या आहेत.

पण बाबासाहेबांच्या ग्रंथालयाकडे पाहा. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, मानववंशशास्त्र, जगातील सगळे धर्म, ज्यांच्याशी त्यांचा उभा दावा होता त्यांचेही ग्रंथ त्यात होते. परदेशात त्यांनी उपाशीपोटी पुस्तके विकत घेतली. १९१७ साली ते परतत असताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. तरी माणूस खचला नाही, पुन्हा जमवली. दादरला राजगृह बांधले तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपल्याला ज्ञानाचे एक दार नव्हे, सगळीच दारे बंद होती. मग उघडताना एकच दार उघडून का थांबावे? कथा, कविता, विज्ञान, विनोद, प्रवास, सगळ्यांवर आपला हक्क आहे. त्यातले एखादे दालन 'आपले नाही' म्हणून सोडून देणे म्हणजे बंदी घालणाऱ्यांचे काम आपणच पुरे करणे होय.

थोडासा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा शेवटी आकडे मांडतो. दिवसाला फक्त दहा पाने वाचली तर वर्षाची होतात तीन हजार सहाशे पन्नास. दोनशे पानांचे पुस्तक धरले तर वर्षाला अठरा पुस्तके! दहा पानांना वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाईलवर कसा गेला, हे आपल्याला कळतही नाही.

पैशांचेही तसेच. प्रत्येक घराने सगळी पुस्तके घ्यावीत असे मुळीच नाही. चाळीतील दहा घरांनी एकेक वेगळे पुस्तक घेतले आणि महिन्याने एकमेकांत बदलले, तर प्रत्येक घराला एकाच्या किमतीत दहा पुस्तके मिळतात. विहारात एक कपाट, एक वही आणि एक जबाबदार माणूस असला की पुरे. वहीत नेणाऱ्याचे नाव, तारीख आणि परत आल्याची तारीख, इतके तीनच रकाने ठेवा. माझ्या अनुभवात रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे कोणीतरी मोठ्याने वाचले, तर पुढच्या रविवारी तेच पुस्तक मागायला दोघे-तिघे उभे असतात. वाचायला मुलींना पुढे करा. त्यांचा आवाज विहारात घुमला पाहिजे.

आणि एक विनंती पुरुष बांधवांना. घरातील बाई पुस्तक घेऊन बसली की तिला चहा सांगू नका. तो वीस मिनिटांचा वेळ तिचा आहे. बेबीताईंना आपले लिहिणे वीस वर्षे लपवावे लागले. आपल्या घरातील बेबीताईला ते लपवावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

यंदा दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर जाल तेव्हा घरातील माणसे मोजून पुस्तके घ्या. आजीसाठी एक, आईसाठी एक, पोरांसाठी एक. आणि घरी आल्यावर त्याच रात्री त्यांतले एक तरी उघडा.

जयभीम!